मोहितची ओळ

पडद्यावर पुन्हा तेच आलं, एकही ओळ नाही म्हणून. झिरो रोज.

मी त्या कॉम्प्युटरले अशी शिवी हासडली का बाजूच्या खुर्चीवरची करिष्मा दचकून पाहाले लागली. मनातच देणार होती, पण माहं तोंड लहानपणापासूनच माह्या ताब्यात नाही.

"काय झालं ताई? एरर आला का?" सिद्धांत सरनं विचारलं. सर म्हणजे रायपूरचा पोरगा, माह्याहून लहानच असन. कंपनीत नवं सॉफ्टवेअर बसलं होतं, अन् त्यातून आपलं आपण रिपोर्ट काढायले आमाले दोघींले शिकवायसाठी त्याले बोलावलं होतं.

"एरर आला असता तं बरं झालं असतं," मी म्हटलं. "झिरो रोज म्हणून राहिलं."

"मग बरोबर आहे ना! क्वेरी एकदम सही आहे. तुम्ही जे मागितलं ते डेटात नाही, एवढंच."

सही आहे म्हणे! मी मागितलं होतं माह्या सख्ख्या भावाचं नाव. मोहित फुंडे. सारा आषाढ तो याच कंपनीत लोखंडाच्या प्लेटा कापायच्या मशीनवर उभा होता, माह्या टेबलावरून हाक मारली तं ऐकू जाईन इतक्या जवळ. त्याच मशीननं त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. अन् हे सॉफ्टवेअर म्हणत होतं, असा माणूसच नाही. सरनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, एक माणूस म्हणजे एक ओळ. ओळ नाही, तं माणूस नाही.

हे कसं झालं ते सांगायचं तं आमच्याकडची एक रीत सांगावी लागते.

माहे सासरे देवाजी बहेकार पोलादाच्या सरकारी प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीले होते. रिटायर झाले, सेक्टरचं क्वार्टर सोडलं, अन् आमगावजवळच्या आपल्या गावी जाऊन धानाची शेती पाहू लागले. पोराले प्लांटची नोकरी काही भेटली नाही. कमलेश, माहा नवरा, प्लांटले माल देणाऱ्या या प्रायव्हेट कंपनीत लागला, अन् आम्ही कुरुदले दोन खोल्या बांधल्या. मंग मीही इथंच स्टोअरची एन्ट्री करायले लागली. या कंपनीत अर्धे लोक असेच. बाप गावाले, पोरगा मशीनवर. अन् रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आला का साऱ्यायची पंचाईत. बांधीत पाणी साचलं का धान लावाच लागते, अन् नेमकी तेव्हाच कोणाले सुट्टी भेटत नाही. मंग आपलं कार्ड साळ्याले द्यायचं, नाही तं चुलतभावाले. तो तुमच्या नंबरवर मशीनपाशी उभा, तुम्ही बांधीत उभे. सुपरवायझर डोळे मिटून घेते, कारण त्याले मशीन चालू पायजे. याले इथं रोवण्याची बदली म्हणते. कोणाले यात गैर वाटत नाही. मले तरी कुठं वाटलं होतं!

यंदा सासऱ्याच्या गुडघ्यानं दगा दिला. कमलेश गावाले गेला अन् त्याचं कार्ड, चारशे अकरा नंबर, मोहितच्या गळ्यात आलं. आयटीआय करून घरी बसला होता बिचारा. खुश होऊन आला होता. म्हणे, ताई, पैसे भाऊजीले जाऊ दे, मले अनुभव तं भेटन.

मशीनले जाळी नव्हती. जाळी लावली का काम हळू होते म्हणून काढून ठेवली होती. मी धावत गेली तेव्हा त्याले कोणी तरी गमछा गुंडाळला होता अन् तो माह्याकडे पाहून म्हणे, "ताई, भाऊजीले सांगू नको, ते रागावतीन." सांगा आता! बोटं खाली पडली होती अन् याले भाऊजीच्या रागाची पडली होती.

कंपनीच्या गाडीनं त्याले एका नर्सिंग होमच्या दारात सोडलं अन् गाडी निघून आली. दुसऱ्या दिवशी कमलेश गावाहून येऊन गपचूप त्याच मशीनवर उभा राहिला. मी मॅनेजरकडे गेली. श्रीधर साहेब, दुर्गच्या मोहन नगरचे जुने मराठी, बोलायले एकदम गोड. त्यांनी मले बसवलं, पाणी दिलं अन् म्हणाले, "रेणू, चारशे अकरा नंबर तर कामावर हजर आहे. एक दिवसही खाडा नाही. हा मुलगा कोण, आत कसा शिरला, मला खरंच कल्पना नाही."

"साहेब, तुमी त्याच्या हातून चहा घेतला आहे," मी म्हटलं.

"मी पुष्कळांच्या हातून चहा घेतो," ते म्हणाले.

आम्ही दुर्गच्या कामगार ऑफिसात अर्ज टाकला. तिथल्या मॅडम भल्या होत्या, पण त्यायनं सरळ विचारलं, हा तिथं काम करत होता याचा पुरावा काय? शॉपमधल्या एकानंही तोंड उघडलं नाही. कावून उघडतीन? प्रत्येकाच्या घरी रोवणा आहे. मोहितच्या बाजूनं बोललं का आपलीच बदली उघडी पडते. अन् पुरावा नसन तं मोहितले काहीच नाही. ना पुढचं ऑपरेशन, ना भरपाई, ना कोणाच्या तोंडून एवढं तरी का बाबा, तू इथं होता. बावीस वर्षांचा पोरगा डाव्या हातानं वरणभात कालवत बसला होता माह्या घरात, अन् जगाच्या हिशोबानं त्याले काही झालंच नव्हतं.

म्हणून मी शिकाले बसली. नाही तं या वयात मले कोण क्वेरीच्या नादी लावलं असतं! बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाले लग्न झालेली बाई मी. पहिल्या दिवशी तं मी करिष्माले म्हटलं होतं, हे आपल्या बापाच्यानंही होत नाही. पण सर सांगू लागले का या सॉफ्टवेअरमध्ये सारं जाऊन बसते. कोण कधी आलं, कोणाले हातमोजे दिले, कोणत्या मशीनले किती ग्रीस लागलं. फक्त क्वेरी लिहून विचारता आलं पायजे. तेव्हा माहे कान टवकारले. इतकं सारं आहे, तं माहा मोहित कुठं तरी असनच ना?

सिलेक्ट म्हणजे काय पायजे. फ्रॉम म्हणजे कुठून. व्हेअर म्हणजे कोणतं. इतकं समजलं अन् मी सुटली. पहिले पूरं नाव टाकलं, झिरो. मंग सरनं लाइक शिकवलं, अर्धंमुर्धं नाव टाकलं तरी शोधते. मी नुसतं 'मोह' टाकलं. मोहन निघाला, मोहम्मद निघाला, मोहनलाल निघाले दोन. मोहित नाही. फुंडे टाकलं, झिरो. गेटच्या नोंदी पाहिल्या, कॅन्टीनचे कुपन पाहिले, एकेका टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, जाऊन हाका मारल्या. दर वेळी मले वाटे माहीच चूक असन, कॉमा राहिला असन, टेबलाचं नाव चुकलं असन. मी पुन्हा लिहो, पुन्हा झिरो. कंपनीच्या बाथरूममध्ये नळ सोडून मी किती वेळा रडली त्याचं मोजमाप नाही. बाहेर येऊन तोंड पुसो अन् पुन्हा लिहाले बसो.

"ताई, तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त मेहनत करून राहिल्या," सर म्हणाले. त्याले काय माहीत! त्याले वाटे मले बढती पायजे.

दोन टेबलं जोडायचं शिकवलं तेव्हा तं मी हातच टेकले. सर म्हणे, साधा जॉइन केला का दोन्हीकडे जो आहे तोच दिसते. एका बाजूले आहे अन् दुसऱ्या बाजूले नाही, तो आवाज न करता गळून जाते. आवाज न करता! मी वहीवर पेन आपटला. म्हटलं, "मंग अशा गळलेल्यायले पाहाचं कसं?" त्यानं तेही शिकवलं. डावीकडचे सारे ठेवायचे अन् उजवीकडे रिकामं दिसन तिथं बोट ठेवायचं. मी ते करून पाहिलं. गेटवर पंच झालेला पण कामगारांच्या टेबलात नसलेला एक तरी नंबर निघावा. नाही निघाला. कसा निघन? मोहितनं पंच केलाच कुठं होता? पंच तं दर वेळी कमलेशच्या कार्डानं झाला होता.

इतक्या दिवसांत मले पहिल्यांदा समजलं का माही क्वेरी कधीच चुकली नव्हती. मोहित खरंच तिथं नव्हता. मीच आपल्या हातानं त्याच्या गळ्यात दुसऱ्याचं नाव घालून त्याले आत पाठवलं होतं.

त्या दिवशी घरी आली तं मोहित ओट्यावर बसून डाव्या हातानं सदऱ्याची बटनं लावायचा सराव करून राहिला होता. मी पर्स फेकली अन् त्याच्यापाशी बसली.

"सोड ना ताई," तो म्हणे. "भाऊजीची नोकरी जाईन. तुहीही जाईन. मी गावाले जातो, काही तरी करतो."

"काय करशीन? भोपळा?" मी ओरडली. "दोन बोटांनी काय करशीन?"

मले माहाच राग आला. मी त्याचं बटन लावाले गेली तं त्यानं हात बाजूले केला, स्वतःच लावलं. मंग हसून म्हणे, "कंपनीनं माहे बूट तरी वापस द्याले पायजे होते. नवेच होते. भाऊजीचे मोठे व्हायचे म्हून सुपरवायझरनं स्टोअरमधून माह्या पायाचे काढून दिले होते."

"कोणत्या मापाचे?"

"सहा. भाऊजीले तं नऊ लागते."

मी उठून उभी राहिली. "अरे भैताड्या," मी म्हटलं, "हे आता सांगतं?"

दुसऱ्या दिवशी लंचमध्ये सारे डबे खायले गेले अन् मी लिहाले बसली. स्टोअरनं कोणाले काय दिलं ते टेबल. वस्तू, माप अन् तारीख असलेलं टेबल. नंबरावर जोडायचं. सेफ्टी शूज तेवढेच घ्यायचे. मंग प्रत्येक नंबरामागं माप किती प्रकारचे ते मोजायचं, अन् एकाहून जास्त असन तोच दाखवायचा. हे शेवटलं मले येत नव्हतं. करिष्माच्या वहीत पाहून लिहिलं. बटन दाबलं.

या वेळी झिरो नाही आलं. पान भरून ओळी आल्या! चारशे अकरा होता, त्याच्यावर चारशे दोन होता, तीनशे नव्वद होता. एकाच माणसाच्या नावावर आषाढात सातचे बूट, त्याआधी दहाचे. आमगाव, सालेकसा, देवरी, साऱ्यायचा रोवणा माह्या पडद्यावर उघडा पडला होता. जे लोक मोहितसाठी तोंड उघडाले तयार नव्हते, त्यायचे पाय बोलून राहिले होते.

मले भीती वाटली. हे श्रीधर साहेबाच्या हाती लागलं तं साऱ्यायले एका दमात हाकलतीन. मी घाईघाईनं व्हेअरमध्ये एक अट वाढवली: नंबर फक्त चारशे अकरा. दुसऱ्याची घरं झाकली अन् आपलंच घर तेवढं ठेवलं. दोन ओळी राहिल्या. बहेकार कमलेश, नऊ. बहेकार कमलेश, सहा.

मी त्याचा फोटो काढला अन् शनिवारी कमलेशले दाखवला. त्याले न सांगता करायचं माह्यानं होणार नव्हतं. त्यानं फोटो बोटानं मोठा करून पाहिला. वाईट माणूस नाही तो. मोहितच्या हाताची पट्टी रोज तोच बदले, मी घाबरो म्हणून.

"हे तू मॅडमले दाखवशीन?"

"दाखवीन."

"मंग मी गेलो. साहेब म्हणाले आहेत, रेकॉर्ड साफ राहिलं तं नोकरी राहीन. दुसऱ्याले आपलं कार्ड दिलं म्हणून केसही होईन माह्यावर. बाबायच्या गुडघ्याचं काय? पोरीच्या शाळेचं?"

"अन् त्याच्या हाताचं?"

"मी त्याले जन्मभर पोसीन," तो म्हणाला. "तुही शप्पथ."

"त्याले पोसून नाही घ्यायचं. त्याले कोणी तरी खरं म्हटलं पायजे," मी म्हटलं. आवाज चढला माहा. मोहित आतून सारं ऐकत असन, पण मले थांबता आलं नाही.

रविवारी मी मोहितले दुर्गले डॉक्टरकडे घेऊन गेली. घाईत फोन चार्जिंगले लावलेला घरीच राहिला. संध्याकाळी आली तं कमलेशनं चहा करून ठेवला होता. मले वाटलं, मन वळलं याचं.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी प्रिंट काढाले तीच क्वेरी चालवली. झिरो रोज.

मी म्हटलं, कॉमा. पुन्हा पाहिलं. एकेक अक्षर बोट ठेवून पाहिलं. अट काढून टाकली तं बाकी सारे निघाले, तीनशे नव्वद, चारशे दोन, सारे. चारशे अकरा नाही. त्याच्या बुटांची नोंद उघडली. दोन्ही जोड नऊचे. फोटो होता, पण फोटोले कोण विचारते? साहेब म्हणतीन मोबाईलमध्ये बनवला.

"सर," मी सिद्धांतले विचारलं, अन् आवाज सरळ ठेवायची लय कोशिश केली, "एखाद्या नोंदीत कोणी हात घातला तं समजते का?"

"समजते ना. सॉफ्टवेअर काही विसरत नाही. त्याचं वेगळं टेबल असते. आधी काय होतं, नंतर काय झालं, कोणी केलं, कधी केलं." त्यानं टेबलाचं नाव कागदावर लिहून दिलं.

साधी क्वेरी होती. चार ओळींची. या साऱ्या शिकवणीत मी लिहिलेली सगळ्यात सोपी. आधी, सहा. नंतर, नऊ. वार, रविवार, दुपार. अन् कोणी केलं त्या खान्यात लिहिलं होतं: रेणू.

घरी सराव करायले सरनंच हे सॉफ्टवेअर माह्या फोनमध्ये टाकून दिलं होतं. फोनचं कुलूप कमलेशले माहीत. नवराबायकोत काय लपवायचं, म्हणून मीच सांगितलं होतं. स्टोअरची नोंद सुधारायचा हक्क मले होता, अन् मी कशी सुधारते ते त्यानं बाजूले बसून लय वेळा पाहिलं होतं.

मी भांडली नाही. साऱ्या कुरुदले ऐकू जाईन असं भांडणारी बाई मी, पण त्या दिवशी नुसती भाजी चिरत बसली. कमलेशनं विचारलं, डोकं दुखते का. मी म्हटलं, हाव. माह्या नवऱ्यानं माह्या बोटानं माह्या भावाले पुसून टाकलं होतं अन् आता माह्यासाठी बाम शोधून राहिला होता. मले त्याचा संताप आला होता, अन् त्याची कीवही येत होती, अन् दोन्ही एकाच वेळी कसं येते हे मले समजत नव्हतं.

कामगार ऑफिसातल्या सुनावणीच्या दिवशी श्रीधर साहेब लॅपटॉप घेऊन आले. सोबत कंपनीकडून साक्षीदार, कमलेश. मोहित माह्या बाजूले बसला होता, हात ओढणीनं गळ्यात बांधलेला.

कमलेशनं मॅडमपुढं सांगितलं, "मशीन पर मैं ही था. रोज." माह्याकडे पाहिलं नाही त्यानं.

"और ये?" मॅडमनं मोहितकडे बोट केलं.

"मेरा साला है. उस दिन मिलने आया होगा."

मोहितनं मान खाली घातली. मी उठली. म्हटलं, "मॅडम, साहब का लॅपटॉप खुलवाइए. मैं निकाल के दिखाती हूँ."

"हे कंपनीचं रेकॉर्ड आहे, रेणू," साहेब मराठीत हळूच म्हणाले. "विचार कर."

"रेकॉर्ड ही तो देखना है," मॅडम म्हणाल्या. त्यायले बहुतेक मराठी समजत होती. "खोलिए."

मी बसली. पहिल्या वेळी सिलेक्टच चुकलं. लाल अक्षरात एरर आला. साहेब हसले. दुसऱ्या वेळी टेबलाचं नाव अर्धंच टाकलं, पुन्हा लाल. मॅडमनं घड्याळ पाहिलं. मी डोळे मिटले, सर शिकवते तसं मनात म्हटलं: काय पायजे, कुठून, कोणतं. अन् पुन्हा लिहिलं. ओळ आली.

मी मॅडमले समजावलं. एकाच नंबरावर नऊचे बूट अन् सहाचे बूट दिले होते. हा सहाचा बदलून नऊ केला, अर्ज टाकल्यानंतर. कमलेशच्या पायाले सहा येत नाही, मोहितच्या पायाले येते. पाहून घ्या.

मॅडम पडद्याजवळ वाकल्या. "बदला किसने? ये रेणू कौन है?"

"मैं."

"हीच बदलते अन् हीच दाखवते!" श्रीधर साहेब ताडकन बोलले. "मॅडम, इसका भाई है. लॉगिन इसका, हेराफेरी इसकी. इस एंट्री का क्या मतलब रह गया?"

मॅडमनं माह्याकडे पाहिलं. "आपने बदला?"

हो म्हटलं असतं तं कमलेश वाचला असता. पण मंग साहेबाचंच खरं झालं असतं, अन् मोहित पुन्हा कुठंच नसता. मोहितनं माहा पदर ओढला. "ताई, राहू दे," तो पुटपुटला. मी त्याचा हात सोडवला. डावा हात.

"लॉगिन मेरा है. मैंने नहीं बदला," मी म्हटलं. "इतवार को मैं इसकी पट्टी कराने दुर्ग आई थी, डॉक्टर की पर्ची में तारीख है. फोन घर पे था. घर में मेरे पति थे."

मले वाटलं कमलेश आता मले खोटी पाडन. पंधरा वर्षांच्या संसाराले एका वाक्यात आग लावली होती मी, त्यानं पाडलं असतं तरी मी काय म्हटलं असतं?

"हाव," कमलेश म्हणाला.

"क्या?" मॅडम.

तो उभा राहिला. "मैंने किया, मॅडम. मशीन पर ये था. पूरा आषाढ़. मैं गाँव में था, रोपा लगाने." मंग साहेबाकडे वळून मराठीत म्हणे, "अन् जाळी तुमीच काढाले लावली होती, साहेब."

श्रीधर साहेबायनं लॅपटॉप बंद केला. कमलेशची नोकरी गेली, माही गेली, हे आमाले तिघायलेही तेव्हाच समजलं. पुढं काय खाणार, पोरीची फी कशी भरणार, कमलेशवर केस होईन का, काहीच मले माहीत नव्हतं. पण मॅडमनं नवा कागद ओढला अन् पेनाचं टोपण काढलं.

"तुम्हारा नाम?" त्यायनं मोहितले विचारलं.

मोहितनं पहिले कमलेशकडे पाहिलं, सांगू का, अशा नजरेनं. कमलेशनं मान हलवली. मंग त्यानं आपलं नाव सांगितलं. आवाज इतका लहान निघाला का मॅडमले दुसऱ्यांदा विचारावं लागलं.